रशियन हॉस्पिटलातल्या फजित्या: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी रशियात डॉक्टरकी शिकतानाच्या दिवसांवर लिहिलं होतं, त्यात तिथल्या ज्युनियर डॉक्टरांच्या फजितीचे दोन-तीन किस्से होते, आणि नंतर पत्रं आणि मेसेज आले ते जवळजवळ सगळे त्या किश्श्यांबद्दलच. जेवढे जमतील तेवढे प्रश्न इथे घेतेय. हॉस्पिटलचं नाव खूप जणांनी विचारलंय, ते सांगणार नाही, व्होल्गाकाठच्या एका मोठ्या शहरातलं सरकारी हॉस्पिटल एवढं पुरे. माणसांची नावंही देत नाही, त्यातले बरेच जण अजून तिथेच ड्यूट्या करतायत.

प्रश्न: माझी मुलगी रशियात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात तिला वॉर्डात फरशी पुसायला लावली म्हणे. फोनवर आधी रडवेली झाली होती, मग सांगता सांगता स्वतःच हसायला लागली. डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलीला फरशी का पुसायला लावतात? (एक आई)

ताई, काळजी करू नका, तिला मुद्दाम कोणी त्रास दिलेला नाही. तिथला कोर्सच तसा आखलेला आहे. मेडिसिनचा कोर्स सहा वर्षांचा आणि जवळजवळ दर उन्हाळ्यात हॉस्पिटलात काम करायचं, पण पायरी पायरीने. पहिल्या वर्षानंतर सानितार म्हणजे वॉर्डबॉय-आयांच्या हाताखाली, दुसऱ्यानंतर वॉर्डातल्या नर्सच्या हाताखाली, तिसऱ्यानंतर इंजेक्शनं-सलाईनं देणाऱ्या प्रोसिजर रूमच्या नर्सच्या हाताखाली, आणि चौथ्यानंतर कुठे डॉक्टरचा मदतनीस म्हणून. म्हणजे पेशंटला हात लावायच्या आधी त्याची गादी, त्याचं भांडं, त्याच्या खाटेखालची फरशी या सगळ्याची ओळख होते, आणि मला विचाराल तर ही त्या शिक्षणातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

आता फरशीचं सांगते. तिथल्या हॉस्पिटलात फरशी पुसणारी सानितार्का ही वॉर्डातली फार मोठी असामी असते. ओल्या फरशीवरून कोणी गेलं की ती ओरडते आणि समोर कोण आहे ते बघत नाही. आमच्या इथे एकदा सकाळचा राउंड निघाला, पुढे विभागप्रमुख, मागे दोन सिनियर, त्यांच्या मागे आम्ही पंधरा-वीस पोरं फायली छातीशी धरून, आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी सानितार्का मॉप आडवा धरून उभी, आत्ताच पुसलंय, पाच मिनिटं थांबा म्हणाली. आणि सगळे थांबले हो! विभागप्रमुख घड्याळ बघत उभे, एक ज्युनियर घाईत कडेकडेने भिंतीला पाठ घासत जायला लागला तर पाय सटकून बसकण मारली आणि फायलीतले सगळ्यांचे एक्सरे फरशीभर पसरले, ते उचलायला तीच बाई आधी धावली आणि मग त्याच्याच हातात मॉप दिला. त्याने पुसलं पण नीट, कारण पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिकला होता ना.

तुमची लेक हसायला लागली म्हणजे तिचं बस्तान बसतंय. फक्त तिला सांगा की चपला बदलायचं कधी विसरू नको. बाहेरचे बूट घालून वॉर्डात शिरणं चालत नाही, वेगळी धुता येणारी चप्पल लागते, नसेल तर बुटांवर ती निळी प्लास्टिकची पिशवी, बाखीली म्हणतात तिला, ती चढवायची. आणि ओव्हरकोट खाली गार्देरोबमध्ये जमा करून नंबरचा बिल्ला घ्यायचा. बिल्ला हरवला की सगळे कोट न्यायचे संपेपर्यंत थांबायला लागतं, मग उरलेला तुमचा. जानेवारीत बाहेर उणे वीस असताना आमच्या वर्गातला एक मुलगा असाच रात्री आठपर्यंत गार्देरोबच्या बाकावर बसला होता, तिथल्या आजींनी त्याला चहा पाजला, सफरचंद दिलं आणि बिल्ला शेवटी निघाला त्याच्याच बाखीलीत.

प्रश्न: इंटर्न डॉक्टरांवरची एक रशियन कॉमेडी सिरियल सबटायटल लावून बघतोय. त्यात सिनियर डॉक्टर इंटर्न पोरांचा जो छळ करतो तसं खरंच असतं का? आणि इंटर्न म्हणजे तिथे नक्की कोण? (एक वाचक)

पहिली गोष्ट ही की त्या सिरियलमध्ये दिसतात तसे इंटर्न आता तिथे राहिलेलेच नाहीत. पूर्वी सहा वर्षं झाली की एक वर्ष इंटर्नातुरा असायची, कुठल्यातरी हॉस्पिटलला जोडून देत, वर एक सिनियर असे, आणि वर्ष संपलं की त्या विषयातला डॉक्टर. ती बंद केली, शेवटची तुकडी 2016 साली घेतली आणि 2017 मध्ये ती बाहेर पडली. आता सहा वर्षांनंतर अक्रेदितात्सिया नावाची परीक्षा द्यायची, ती पास झाली की पॉलिक्लिनिकमध्ये एरियाचा डॉक्टर म्हणून थेट काम करता येतं, आणि सर्जन, हार्टवाला, भूलवाला असं काही व्हायचं तर ऑर्दिनातुरा करायची, तिला कमीत कमी दोन वर्षं जातात. तर आता ज्यांच्या फजित्या होतात ते ऑर्दिनातोर आणि पाचव्या-सहाव्या वर्षाचे विद्यार्थी. बोलताना मात्र लोक अजून इंटर्नच म्हणतात, मीही म्हणते.

छळाचं म्हणाल तर कडकपणा आहे, खूप आहे. आवाज चढवणारे सिनियर आहेत. पण टीव्हीवर सगळं सतत आणि मोठ्याने होतं, खऱ्या हॉस्पिटलात दिवसातले बरेच तास कागद लिहिण्यात जातात हो, त्यात काय दाखवणार.

त्या अक्रेदितात्सियाची गंमत मात्र सिरियलवाल्यांना सुचली नसती अशी आहे. त्यातला एक भाग पुतळ्यांवर असतो. खोलीत तुम्ही आणि खाटेवर प्लास्टिकचा पेशंट, कॅमेरे लावलेले, परीक्षक पलीकडच्या खोलीत बसून बघणार, आणि नियम असा की जे कराल ते तोंडाने बोलून करायचं. हात धुतोय, हातमोजे घालतोय, पेशंटला नाव विचारतोय, श्वास चालू आहे का बघतोय. पोरं महिनोन्महिने याची प्रॅक्टिस करतात, हॉस्टेलच्या खोलीत उशीला पेशंट करून. आमच्या वॉर्डात अशी परीक्षा नुकतीच देऊन आलेली एक तरुण डॉक्टर रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी एका जाडजूड ट्रक ड्रायव्हरच्या खाटेशी उभी राहून मोठ्याने सुरू झाली, मी हात धुतले आहेत, मी पेशंटच्या सुरक्षिततेची खात्री केली आहे, मी आता पेशंटची परवानगी घेत आहे, आणि खरंच परीक्षा असल्यासारखी वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याकडे बघते की काय असं वाटावं अशी मान वर. तो बिचारा ड्रायव्हर आधी दारात कोण आहे ते बघायला लागला, मग शेजारच्या खाटेवरच्याला विचारलं की ही कोणाशी बोलतेय. शेजारचा म्हणाला, अरे असू दे, सगळं सांगून करतेय हे चांगलंच आहे ना, मागचा तर काहीच सांगायचा नाही. आणि तिची ती सवय वॉर्डाला एवढी आवडली की म्हाताऱ्या पेशंट बायका मुद्दाम तिलाच बोलवायच्या. ती आजही बोलत बोलत तपासते, फक्त कॅमेऱ्याकडे बघत नाही.

प्रश्न: मी स्वतः नर्स आहे. तुमच्या लेखात नर्सचा उल्लेख कमी वाटला. तिथे नर्सचं चालतं का काही? (एक सिस्टर)

सिस्टर, तुमची तक्रार अगदी रास्त. चालतं म्हणजे काय, हॉस्पिटल तिच्यावरच चालतं. प्रत्येक विभागात एक स्तार्शाया म्हणजे हेड नर्स असते, ड्यूट्या, औषधांचा साठा, नोंदी सगळं तिच्याकडे, आणि तिच्या जोडीला एक सेस्त्रा-खझ्यायका असते, चादरी, गाऊन, टॉवेल, बादल्या, मॉप, यातलं एकेक तिच्या वहीत लिहिलेलं. हिच्याशी वाकडं घेऊन वॉर्डात दिवस काढता येत नाही. एका नव्या ऑर्दिनातोरने पहिल्याच आठवड्यात तिच्या कपाटातली चादर न विचारता घेतली, ड्यूटीरूमच्या सोफ्यावर अंथरायला, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये विभागप्रमुखांच्या शेजारी ती बाई वही घेऊन उभी. पेशंट किती आले, सिरियस किती, हे सगळं सांगून झाल्यावर तिने सांगितलं की चादर एक कमी आहे. अख्ख्या स्टाफसमोर! तो पोरगा उठून गेला, चादर घडी घालून घेऊन आला आणि त्या घडीवरून तिने त्याला माफ केलं कारण घडी बरोबर घातली होती.

आणि झेल्योन्काचा किस्सा तर तुम्हाला सांगायलाच पाहिजे. झेल्योन्का म्हणजे ब्रिलियंट ग्रीनचं स्पिरिटमधलं एक टक्क्याचं द्रावण, जखमेच्या कडांना लावतात, तिथल्या घराघरात असतं, कांजिण्या आलेल्या पोरांवर हिरवे ठिपके दिसतात ते याचेच. छोटी काचेची बाटली आणि तिला इतकं घट्ट बूच की ते निघतं तेव्हा एकदम निघतं. जुन्या नर्स बाटलीवर आधी कापसाचा बोळा दाबतात आणि मग बूच काढतात. आमच्याकडच्या एका इंटर्नला नर्सने तसं सांगितलंही होतं, त्याने मान हलवली आणि पेशंटकडे बघत बघत नुसत्या अंगठ्याने बूच उडवलं. हिरवा रंग त्याच्या कपाळावर, चष्म्यावर, कोटाच्या बाहीवर, आणि जो डाग पडतो तो साबणाने जात नाही, दिवस जावे लागतात. आणि नेमका दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांचा राउंड. प्रोफेसर प्रत्येक खाटेशी थांबत, प्रश्न विचारत, त्याच्याकडे एकदा बघितलं, काही बोलले नाहीत, शेवटच्या खाटेशी गेल्यावर म्हणाले की जखमेच्या कडेला लावायचं असतं हे लक्षात ठेवा, आत नाही आणि डॉक्टरला तर नाहीच. ज्या पेशंटच्या समोर ते झालं तो एवढा हसला होता की त्याच्या टाक्यांना दुखलं, आणि त्या नर्सने पोराला बाजूला नेऊन स्पिरिटने जमेल तेवढं पुसून दिलं, एक शब्द टोमणा न मारता. अशा बायकांमुळे मुलं डॉक्टर होतात, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

प्रश्न: पुढच्या वर्षी क्लिनिकलला जाणार. रशियन बऱ्यापैकी येतं, तरी पेशंटसमोर कुठे कुठे गडबड होऊ शकते? (एक विद्यार्थी)

भाषा येत असली तरी तिथल्या पद्धती वेगळ्या आहेत, गडबड तिथे होते. नीट वाच.

थर्मामीटर तोंडात द्यायचा नाही. तिथे तो काखेत लावतात, सगळे, लहानपणापासून. आपल्यातल्या एकीने सवयीने एका आजीबाईंच्या तोंडाजवळ थर्मामीटर नेला तर आजींनी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि डोक्यावरून पांघरूण ओढलं, आणि वॉर्डभर सांगितलं की ही मुलगी मला पारा पाजत होती. आणि तापाचा आकडा सेल्सियसमध्ये, 36.6 म्हणजे नॉर्मल, हे तिथलं लहान पोरही सांगेल, तेव्हा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव तोंडातून काढू नको, समोरचा घाबरेल.

ब्लड ग्रुप. आपण ओ, ए, बी, एबी म्हणतो, तिथले लोक पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हणतात. ओ म्हणजे पहिला, ए दुसरा, बी तिसरा, एबी चौथा. यान यान्स्की नावाच्या चेक डॉक्टरने 1907 साली रक्तगटांना असे रोमन आकडे दिले होते, तीच सवय तिथे टिकलीये, कागदावर अक्षर आणि आकडा दोन्ही लिहितात. आमच्या बॅचमधल्या एकाने एका रिटायर्ड फौजीला विचारलं तुमचा गट ओ का, तो म्हणाला नाही, माझा पहिला. हा म्हणाला पहिला असा गट नसतो. फौजी उठून बसला, तीस वर्षं माझ्या कागदांवर पहिला लिहिलंय म्हणाला, आणि दोघं पाचेक मिनिटं आपापल्या जागी बरोबर असून भांडत होते, शेवटी लॅबवाल्या बाई आल्या. रक्ताच्या बाबतीत मात्र तोंडी उत्तरावर कोणीच जात नाही, लॅबमध्ये तपासूनच जातं, त्यामुळे तिथे नुसता गोंधळ झाला, धोका नव्हता.

नावं. डॉक्टर, नर्स, वयस्कर पेशंट कोणालाही नुसत्या पहिल्या नावाने हाक मारायची नाही, नाव आणि लगेच वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, दोन्ही मिळून. आपल्याकडे पूर्ण नावात मधे वडिलांचं नाव असतं तसंच, पण तिथे ते हाक मारतानाच लावतात. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांची अशी जोडनावं वहीत लिहून घे आणि पाठ कर. एकाने विभागप्रमुखांना भर राउंडमध्ये नुसत्या नावाने हाक मारली, जशी आपण मित्राला मारतो तशी, सगळा घोळका जागच्या जागी थांबला, विभागप्रमुख मागे वळून म्हणाले हो, बोला, आणि त्याला दुसऱ्याच्या वडिलांचं नाव आठवलं ते जोडून टाकलं. त्या दिवसभर सगळे त्यांना हळूच त्याच चुकीच्या नावाने हाक मारत होते आणि तेही उत्तर देत होते. आणि तुझं नाव पेशंटना उच्चारता आलं नाही तर ते स्वतःच एखादं साशा-कोल्या देऊन टाकतील, राग मानू नको, प्रेमाने देतात.

हस्ताक्षर. छापील रशियन वाचता येणं आणि डॉक्टरच्या हातचं वाचता येणं यात फार अंतर आहे. त्यांच्या जोडअक्षरी लिपीत तीन-चार अक्षरं नुसत्या वर-खाली रेघा असतात, एकापुढे एक आली की लाटाच दिसतात. मॉस्कोत आणि मोठ्या शहरांत आता बरंचसं कॉम्प्युटरवर गेलंय, तरी जुन्या फायली आहेतच. एकदा प्रोफेसरांनी लिहिलेली एक ओळ डॉक्टरांच्या खोलीत पाच जण मिळून लावत होते, कोणी म्हणे पोट मऊ आहे, कोणी म्हणे पुढच्या तपासण्या करा, तेवढ्यात वॉर्डची नर्स चहाचे कप उचलायला आली, तिने खांद्यावरून बघितलं आणि सरळ वाचून दाखवलं. तेव्हा अडलं की तिला विचार. ओळखीच्या अंदाजाने औषधाचं नाव तर कधीच लावायचं नाही, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

दुपारच्या जेवणानंतर तिथे शांततेचा तास असतो. त्या वेळात हिस्ट्री घ्यायला जाऊ नको. आणि हिवाळ्यात खिडकी स्वतःच्या मनाने उघडू नको, वॉर्ड कधी हवेशीर करायचा त्याची वेळ ठरलेली असते, एरवी खिडकीतून झुळूक आली तरी अख्खी खोली तुझ्यावर उठेल.

प्रश्न: रशियन डॉक्टर ड्यूटीवर व्होडका पितात हे खरं का? (नाव दिलेलं नाही)

नाही. ड्यूटीवर पिऊन सापडला की नोकरी जाते. चहा पितात, भरपूर, आणि चॉकलेटं खातात.

चॉकलेटांवरून एक सांगते. बरा होऊन घरी जाणारा पेशंट डॉक्टरला चॉकलेटचा डबा देतो ही तिथली खूप जुनी रीत. कायद्याने डॉक्टरला पेशंटकडून तीन हजार रूबलच्या वरचं काही घेता येत नाही, डबा त्यात बसतो, म्हणून डबेच डबे. खाऊन संपत नाहीत, मग एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात, एक्सरेवाल्यांनी रिपोर्ट लवकर दिला म्हणून, लॅबवाल्यांना वाढदिवसाला, असं. आमच्या सर्जरीतल्या एका ज्युनियरने एका डब्याच्या तळाला पेन्सिलीने बारीक खूण केली आणि डबा पुढे पाठवला. तो डबा एक्सरे, लॅब, मेटर्निटी असा फिरून जूनमध्ये, तिसऱ्या रविवारी तिथे डॉक्टर-नर्सचा दिवस असतो, तेव्हा त्याच ज्युनियरला सप्रेम भेट म्हणून परत मिळाला. उघडला तेव्हा एक्स्पायरी उलटून गेली होती.

प्रश्न: तिथले डॉक्टर अंधश्रद्धाळू असतात असं ऐकलं. डॉक्टर असून? (एक शिक्षक)

असतात, आणि रात्रपाळीला तर सगळ्यात जास्त. चोवीस तासांची ड्यूटी असते, ती सुरू करणाऱ्या माणसाला ड्यूटी शांत जावो असं कधीही म्हणायचं नाही. म्हटलं की रात्रभर ॲम्ब्युलन्स थांबत नाहीत असं सगळे मानतात, प्रोफेसरसुद्धा. आमच्या वर्गातल्या एका सरळ मुलीने निघताना सगळ्यांना हात जोडून मनापासून तीच शुभेच्छा दिली. खोलीत सन्नाटा. त्या रात्री अपेंडिक्स आले तीन, एक हात मोडलेला, एक माशाचा काटा अडकलेला, आणि पहाटे चारला एक गृहस्थ जे फक्त बीपी मोजून घ्यायला आले होते. रात्री एवढं येतंच, रोज येतं, पण सकाळी त्या टीमने तिला खुर्चीवर बसवून चहा दिला आणि अतिशय गंभीरपणे विनंती केली की यापुढे जाताना फक्त पुन्हा भेटू म्हण.

फुलांचं पण असंच. जिवंत माणसाला फुलं द्यायची तर विषम आकड्यात, सम आकडा फक्त अंत्यविधीला. आठ मार्चला परदेशी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून हेड नर्ससाठी बारा गुलाब आणले, महाग होते, आनंदाने दिले. बाईंचा चेहरा क्षणभर बदलला, मग त्यांनी त्यातला एक गुलाब काढला आणि मॉप घेऊन उभ्या असलेल्या सानितार्काला दिला, दोघींचे आकडे विषम झाले आणि दोघींनाही फूल मिळालं. विद्यार्थ्यांना तेव्हा काही कळलं नाही, त्यांना वाटलं किती मोठ्या मनाची बाई, आणि ते खरंच होतं.

प्रश्न: तुमचे किस्से वाचून हसू आलं पण नंतर वाईट वाटलं. तिथे माणसांचे जीव असतात. डॉक्टरांच्या चुकांवर हसणं योग्य आहे का? (एक ज्येष्ठ वाचक)

काका, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. सगळ्याच चुकांवर हसत नाहीत. ज्या चुकीने पेशंटला इजा होते तिच्यावर मी कोणालाही हसताना बघितलेलं नाही, अशा दिवशी डॉक्टरांच्या खोलीत चहाही कोणी करत नाही. हसतात ते डॉक्टरवर, पेशंटवर नाही. ही रेघ तिथे फार स्पष्ट होती. एका इंटर्नने एका आजींच्या गुडघ्यावरचं पांघरूण काढलं तर गुडघ्याला मध लावून कोबीचं पान बांधलेलं, तिथला घरगुती उपाय आहे तो, आणि हा बाहेर येऊन हसत सांगायला लागला तर विभागप्रमुखांनी त्याला सगळ्यांसमोर थांबवलं. आत जाऊन आजींना विचार त्याने बरं वाटतं का, आणि गोळ्या वेळेवर घेतात का तेही विचार, म्हणाले. तो गेला. गोळ्या त्या घेतच नव्हत्या, उशीखाली रुमालात बांधून ठेवल्या होत्या, हे त्या कोबीवरून निघालं.

आणि दुसरं म्हणजे चूक सांगायची सोय. रोज सकाळी पितीमिनूत्का नावाची मीटिंग होते, रात्रीच्या ड्यूटीचा डॉक्टर उभा राहून सगळं सांगतो, काय झालं, काय चुकलं. पेशंटच्या जेवणाचं एक उदाहरण घ्या. मानुइल पेव्झनर नावाच्या सोव्हिएत डॉक्टरने आजारानुसार आहाराचे पंधरा नंबर ठरवून दिले होते, पाच नंबर लिव्हर-पित्ताशयाचा, नऊ नंबर डायबेटिसचा, पंधरा साधा. 2003 मध्ये सरकारने हॉस्पिटलांसाठी वेगळी नावं आणली तरी माणसं अजून नंबरच बोलतात. एका ज्युनियरने पित्ताच्या खड्याच्या पेशंटला पाचाच्या जागी नऊ लिहिलं. तो माणूस दोन दिवस बिनसाखरेचा चहा पीत राहिला, त्याला वाटलं हॉस्पिटलकडे साखर संपली असेल, म्हणून बायकोला सांगून त्याने वॉर्डासाठी एक किलो साखर मागवली आणि जेवण वाढणाऱ्या बाईंच्या हातात दिली, सगळ्यांना घाला म्हणून. बाईंनी यादी बघितली, डॉक्टरला बोलावलं. सकाळच्या मीटिंगमध्ये त्या ज्युनियरने स्वतः उभं राहून हे सांगितलं, सगळे पोट धरून हसले, आणि त्याच दिवशी सगळ्या फायलींचे आहाराचे नंबर परत तपासले, अजून एक चुकलेला सापडला. तो खरोखर डायबेटिसचा पेशंट होता आणि त्याला पंधरा नंबर चालू होता, कोम्पोत म्हणजे उकळलेल्या फळांच्या गोड पाण्यासकट. साखरेच्या पुड्यावर हसले नसते, किंवा त्या पोराला एवढं झापलं असतं की तो गप्प बसला असता, तर तो दुसरा पेशंट आणखी चार दिवस तसाच राहिला असता. म्हणून मला ते हसणं योग्य वाटतं.

प्रश्न: ऑपरेशन थिएटरमध्ये चक्कर येईल अशी भीती वाटते. असं कोणाला होतं का? (तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

खूप जणांना होतं, आणि धिप्पाड मुलांना पण. सकाळी न खाता जातात, मास्क घट्ट असतो, गरम होतं आणि जखम उघडी ठेवणारा हुक धरून तासभर हलायचं नसतं. आमच्याकडे हर्नियाचं ऑपरेशन चालू होतं, पेशंटला पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली भूल होती म्हणजे माणूस जागा, आणि पडद्याच्या पलीकडे धप्पकन आवाज आला. पेशंटने विचारलं काय पडलं? सर्जन म्हणाले विद्यार्थी. पेशंट म्हणाला लागलं नाही ना त्याला, बघा आधी, मी थांबतो. नर्सने कापसावर नशातिर, म्हणजे अमोनियाचं पाणी, लावून त्या पोराच्या नाकाशी धरलं, तो उठला, आणि संध्याकाळी त्या पेशंटला बघायला गेला तर त्यानेच याला शेजारी बसवून घरून आलेला सूप पाजला.

तू एवढं कर. पोटभर नाश्ता करून जा, गुडघे अगदी ताठ लावून उभी राहू नको, पायाची बोटं हलवत राहा. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, कानात आवाज यायला लागला की लगेच सांग, ऑपरेशन टेबलापासून एक पाऊल मागे हो आणि भिंतीला टेकून खाली बस. स्टेराइल कपड्यांवर पडण्यापेक्षा हे हजारपटीने बरं, आणि तिथली थिएटर सिस्टर कितीही कडक असली तरी वेळेत सांगणाऱ्यावर ती चिडत नाही. दोन-तीन वेळा आत गेलीस की बहुतेक जातं ते.